आईचा पहिला पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा: नाशिकच्या मंडळींना विचारणा

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा नाशिकला गंगापूर रोडला असतात, दिंडोरीला द्राक्षबाग आहे. बाबांचा पासपोर्ट नोकरीत असतानाच काढलेला आहे, आईचा अजून नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी इकडे यावं अशी फार इच्छा आहे, पण गाडी नावावर अडली आहे. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे. लग्नात पहिलं नावही बदललं, त्यामुळे आधार आणि पॅनवर सासरचं नाव, त्यातही आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. जन्मतारीख सगळीकडे १ जून, घरी मात्र श्रावणातला जन्म सांगतात. ओळखीच्या एका एजंटाने सांगितलं की दहावी नाही म्हणून पासपोर्टवर शिक्का बसेल, मग व्हिसा कुठला मिळतोय. आणि आधी गॅझेट करा, म्हणजे नावबदल सरकारी राजपत्रात छापून घ्या. हे ऐकल्यापासून आई "मला नाही यायचं" म्हणून बसली आहे. कुणी अलीकडे हे सगळं केलं असेल तर कृपया लिहा.

प्राची

---

प्राची,

आधी आईला फोन कर आणि सांग, दहावी नसल्याने तिचं काही अडत नाही. तो शिक्का म्हणजे ईसीआर, परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा. ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसांची फसवणूक होऊ नये म्हणून तो आहे. त्या यादीत अमेरिका नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागतही नाही. लेकीकडे निघालेल्या बाईला त्याची भीती घालावी, याचा मला खरंच राग आला.

नावाचं मात्र मनावर घ्या. आमचे हे सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. देशाच्या पासपोर्टांच्या पुस्तिका इथे नाशिकरोडलाच छापल्या जातात, पण इथून बाहेर पडते ती कोरी पुस्तिका. तिच्यात नाव उमटतं ते अर्जात तुम्ही भरलेलं, अक्षरन् अक्षर. पुढे व्हिसा, तिकीट, विमा सगळं त्याच अक्षरांवर चालतं. म्हणून अर्जाआधी आधारचं स्पेलिंग पॅनप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर पावती हातात पडली की तिथेच वाचून बघायची.

शाळेचा दाखला जोडायची गरजच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना जन्मदाखलाच लागतो. आपल्या पिढीला जन्मतारखेसाठी पॅन चालतं. गुरुजींनी घातलेली १ जून आपल्याकडे घरोघरी आहे. कागदोपत्री तीच आईची तारीख, व्हिसाच्या अर्जातही तीच. पण माहेरचं नाव लपवायचं नाही. पासपोर्टच्या अर्जात पूर्वीच्या नावाचा प्रश्न असतो, अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात, म्हणजे डीएस-१६० मध्येही असतो. दोन्हीकडे खरं ते लिहायचं. सगळे चालू कागद सासरच्या नावाचे असताना पहिल्या पासपोर्टसाठी गॅझेटच्या मागे लागायचं कारण मला दिसत नाही. लग्नाचा दाखला नसेल तर दोघांच्या एकत्र फोटोचं, दोघांच्या सह्यांचं स्वयंघोषणापत्र चालतं.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. कुणी सगळं नाव एकाच रकान्यात भरतं, मग अमेरिकेच्या व्हिसावर तेच आडनाव म्हणून येतं आणि नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे नाव माहीत नाही. आईचं स्वतःचं नाव आणि त्यापुढे बाबांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात.

बाकी सोपं आहे. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर १० टक्के सवलत. तत्काळचे २००० जादा भरायची तुम्हाला गरज नाही, हातात वेळ आहे. पोलीस पडताळणीला आई घरी असली पाहिजे आणि पत्ता आज राहते तोच हवा, एवढं बघा.

काकू, नाशिकरोड

---

काकू, एक जोडप्रश्न. सासरे ऐंशीच्या पुढे आहेत. जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, त्याला अजून चार वर्षं आहेत. व्हिसा नवा काढावा लागेल का? आणि पुढे लागलाच तर त्या वयात मुलाखत माफ असते ना?

जयंत

---

जयंत,

व्हिसा नवा नको. फक्त पासपोर्ट नवा काढा आणि प्रवासात दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवा. जुन्या पासपोर्टची व्हिसाची पानं फाटलेली नसावीत. वयाची सवलत मात्र गेली. सप्टेंबर २०२५ पासून ७९ च्या वरच्यांनाही साधारणपणे मुलाखतीला बोलावतात. बी१/बी२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा, संपून वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देणं, मिळू शकतो, म्हणून त्यांचा व्हिसा संपायची तारीख आत्ताच लिहून ठेवा.

प्राची, आता मुलाखतीचं. व्हिसा आईला मिळायचा आहे, तुला नाही. तुझं आमंत्रणपत्र आणि पगाराचे कागद फाइलीत असू देत, पण खिडकीपलीकडचा अधिकारी आईला विचारणार. त्यांच्या कायद्यात पाहुणा कायमचा राहायला आलाय असंच धरून चालतात, परत येणार हे अर्जदारानं पटवायचं असतं. कुणाकडे चाललात, किती दिवस, मागे घरी कोण, एवढं आईनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं की झालं. मुंबईच्या वकिलातीत मराठीत बोलता येतं. तिला पाठ केलेलं इंग्रजी शिकवू नकोस, त्यानंच माणूस अडखळतं. दिंडोरीची द्राक्षबाग आहे म्हणतेस, तर सातबारा घेऊन जा. बघतील असं नाही, पण बागेबद्दल आई मन मोकळं करून बोलेल.

बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या तारखा वेगळ्या येतात, म्हणजे मुंबईला दोन दिवस. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, तरी सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच ठाण्याला कुणाकडे उतरा. पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी निघून सकाळची वेळ गाठता येत नाही.

तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका फेरीत किती राहायचं हे तिथल्या विमानतळावर ठरतं, बहुधा सहा महिने. आय-९४, म्हणजे तिथल्या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख तू स्वतः तपास. आणि बाबांचा रक्तदाब, मधुमेह असेल तर विमा घेताना आधीचे आजार धरलेत का ते विचार. व्हिसाला विमा लागत नाही म्हणून तो टाळू नकोस, तिकडच्या दवाखान्याचं बिल तुला माझ्यापेक्षा ठाऊक आहे.

आधार दुरुस्त झालं की आईला माझा नंबर दे. अर्ज भरायला मी तिच्या शेजारी बसेन.

काकू