चौकोनाच्या कोनांची बेरीज कधी ७२०, कधी २४०: चुकतंय कुठे?

प्रश्न
त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे पटतं. चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज ३६० असते म्हणतात, तिथे मात्र दोनदा गाडी अडते. एक, दोन्ही कर्ण काढले की चार त्रिकोण होतात; मग ४ × १८० = ७२० का नाही? दोन, बाणाच्या टोकासारखा, एक कोपरा आत दबलेला चौकोन कोनमापकाने मोजला तर ३०, ५०, ४० आणि १२० भरतात. बेरीज २४०. अशा आकृतीला ३६० चा नियम लागू नाही का?

शिरोबिंदू यांचं उत्तर
७२० बरोबरच आहे, पण ती चार त्रिकोणांच्या कोनांची बेरीज झाली, चौकोनाच्या नव्हे. कर्ण एकमेकांना छेदतात तिथे चार जास्तीचे कोन तयार होतात. ते एकाच बिंदूभोवतीचे, म्हणून मिळून ३६०, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांशी त्यांचा काही संबंध नाही. ते वजा करा, ३६० उरतील. एकच कर्ण काढला तर ही भानगडच नाही: दोन त्रिकोण, आणि त्यांचे सहाही कोन चौकोनाच्या चार कोपऱ्यांतच बसतात.

छेदिका यांचं उत्तर
दुसऱ्या शंकेबद्दल. नियम लागू आहे, चौथा कोन तेवढा चुकीच्या बाजूने मोजलाय. अर्धवर्तुळाकार कोनमापक १८० च्या पुढे जात नाही, म्हणून दबलेल्या कोपऱ्याशी त्याने बाहेरचे १२० दाखवले. आकृतीच्या आतला कोन ३६० − १२० = २४०, म्हणजे प्रविशाल कोन (१८० पेक्षा मोठा). आता बेरीज करा: ३० + ५० + ४० + २४० = ३६०.

तुमच्या मापांत एक गंमत आहे. ३० + ५० + ४० सुद्धा १२० च होतात, आणि हा योगायोग नाही. कोपऱ्यांना अ (३०), ब (५०), क (४०) आणि दबलेल्याला ड म्हणा. रेषा अड पुढे वाढवा. ती बाजू बक ला जिथे छेदेल तो बिंदू इ. त्रिकोण अबइ चा बाह्यकोन अइक = ३० + ५० = ८०, कारण बाह्यकोन (त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवली की बाहेर होणारा कोन) दोन दूरस्थ आंतरकोनांच्या, म्हणजे त्याला न लागलेल्या आतल्या दोन कोनांच्या, बेरजेइतका असतो. त्रिकोण डइक मध्ये हाच नियम पुन्हा लावा: कोन अडक = ८० + ४० = १२०.

अशा चौकोनात कर्ण दबलेल्या कोपऱ्यातूनच काढायचा, म्हणजे बड. अक आकृतीच्या बाहेरून जातो. त्याच्यावरून त्रिकोण पाडायला गेलात की हिशेब फसलाच.

कोनमापक यांचं उत्तर
मोजमापाचंच चाललंय तर एवढं लक्षात ठेवा. बेरीज ३५९ किंवा ३६१ आली तर ती पेन्सिलीच्या रेघेची जाडी, सोडून द्या. पण साध्या, कुठेही न दबलेल्या चौकोनात २८० आली तर बहुधा एका कोनाला कोनमापकावरची उलटी मोजपट्टी वाचली गेलीय: १३० च्या जागी ५०. कुठला कोन ते पुन्हा न मोजताही कळतं. तूट ८०, तिची निम्मी ४०; दोन मोजपट्ट्यांवरची मापं मिळून १८० होतात, म्हणून खरा कोन ९० + ४० = १३० आणि वाचलेला ९० − ४० = ५०. वहीत ५० लिहिलेला कोपरा शोधा आणि आकृतीत तो विशालकोन दिसतोय का ते पाहा. बेरीज ३६० च्या वर गेली तर याच्या उलट: लघुकोनाला विशालकोनाचं माप लागलंय.