महाकाय दुर्बिणींना घुमट हवाच का?

निशाचर
घुमट दुर्बिणीचे रक्षण करतो, हे दिवसापुरते खरे आहे. रात्री मात्र तोच तिच्या वाटेत येतो. दिवसभर तापलेले पोलाद आणि काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहते, त्याने आतली हवा ढवळली जाते आणि ज्या स्थिर हवेसाठी एवढे उंच शिखर गाठले, तिचा लाभ घुमटाच्या तोंडाशीच वाया जातो. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील २ मीटरची लिव्हरपूल दुर्बीण शिंपल्यासारखे आवरण पूर्ण उघडून मोकळ्या आकाशाखाली काम करते. मग चिलीतील सेरो आर्माझोनेस या डोंगरावर उभ्या राहणाऱ्या ईएलटी (एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप) या दुर्बिणीच्या ३९ मीटरच्या आरशाभोवती सुमारे ८० मीटर उंचीचा, हजारो टनांचा फिरता डोंगर कशासाठी?

लोहारकाम
वाऱ्यासाठी. २ मीटरचा आरसा एकसंध असतो, तर हा ७९८ षटकोनी तुकड्यांचा आहे आणि हे तुकडे एकमेकांशी नॅनोमीटरच्या हिशेबात जुळलेले राहावे लागतात. सांगाडा जितका मोठा, तितकी त्याची स्वाभाविक कंपनसंख्या कमी आणि वाऱ्याच्या झोतांना तो तितका अधिक बळी पडतो. शिवाय वारा वाढल्यावर शिंपला मिटायचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी एवढ्या आकाराच्या पाकळ्या शिडासारख्या फुगतील. उष्णतेवर उपाय आहेत: दिवसा वातानुकूलनाने आतले तापमान रात्रीच्या अंदाजाइतके खाली आणतात आणि संध्याकाळी भिंतींतील झडपा उघडतात.

निशाचर
झडपा उघडणे म्हणजे घुमट थोडाथोडा काढून टाकणेच की! १९८९ मध्ये चिलीतीलच ला सिया येथील ३.५८ मीटरच्या एनटीटी (न्यू टेक्नॉलॉजी टेलिस्कोप) दुर्बिणीसाठी पारंपरिक घुमट सोडून तिच्याबरोबर फिरणारी, वारा आरपार जाऊ देणारी अष्टकोनी इमारत बांधली, ती याच विचाराने.

ध्रुव४५
एनटीटीचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते, कारण तिलाही भिंती आहेतच. ‘डोंगर’ हा शब्दही मला पटत नाही. अमेरिकेतील पालोमारच्या ५.१ मीटरच्या दुर्बिणीचा घुमट सुमारे ४१ मीटर व्यासाचा, म्हणजे आरशाच्या आठपट आहे. ३० मीटरच्या नियोजित टीएमटीच्या (थर्टी मीटर टेलिस्कोप) घुमटाचा आराखडा ६६ मीटरचा, म्हणजे दुपटीहून थोडाच अधिक. आरशांचे नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) व्यासाच्या मानाने घटले, पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर दुर्बीण फिरवणारे जुने विषुववृत्तीय आरोपण गेले आणि घुमट आक्रसले. टीएमटीच्या आराखड्यात तर उभ्या फटीऐवजी गोल तोंड आहे: तळ आडवा फिरतो, वरची टोपी तिरक्या प्रतलात फिरते आणि दोहोंच्या मेळातून तोंड हव्या त्या दिशेला येते. गरजेपेक्षा मोठे भगदाड नाही, म्हणून वारा आणि चंद्रप्रकाश दोन्ही कमी आत येतात.

लोहारकाम
घुमट हवा यावर आपण एकमत आहोत, पण या टोपीवर नाही. तिरक्या कड्यावर शेकडो टन फिरवायचे म्हणजे भार प्रत्येक क्षणी जागा बदलणार, आणि तोंड झाकायला आत आणखी एक फिरती झडप लागणार. हिवाळ्यात सांध्यात बर्फ अडकले तर ते तिथे चढून काढणार कोण? ईएलटीच्या घुमटाचे दोन सरकते दरवाजे अवजड खरे, पण त्यांची यंत्रणा डोळ्यांना दिसते आणि दुरुस्तीला हात पोहोचतो.

निशाचर
हात पोहोचतो, पण दरवाजे उघडल्यावर आकाशाची जी उभी पट्टी मोकळी होते, ती आरशाला लागते त्याहून कितीतरी उंच असते. त्यामुळे वारा थोपवायला तिथे पुन्हा वेगळा पडदा बसवावा लागतो.