तळ्याकाठचं हिवाळी घर: होळीला कुलूप लावताना आणि दिवाळीला उघडताना

प्रश्न: बोडीकाठ

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगावच्या बाजूला, एका मामा तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या) पाळीपासून दोनशे फुटांवर आमचं लहान घर आहे. दोन खोल्या (एक १२ बाय १०), समोर सपरी (पडवी), मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडास. भिंती विटांच्या, मातीत रचलेल्या, वरून सिमेंटचा गिलावा. छत लाकडी फाट्यांवर (वाशांवर) इंग्रजी कवेलूंचं (मंगलोरी कौलांचं). दिवाळी ते होळी घरचे सगळे आलटून-पालटून राहतात. त्यात सत्तरीचे आईबाबा आहेत आणि चार वर्षांची लेकही. होळीनंतर सात महिने कुलूप. गावातले एक काका पंधरा दिवसांतून एकदा चक्कर मारतात.

१६० फुटांचं बोअर, १ एचपी सबमर्सिबल, १००० लिटरची टाकी, काचेच्या नळ्यांचा सौर बंब, १५० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर, गॅस, छोटा फ्रिज एवढा पसारा आहे. यंदा उघडलं तेव्हा दाराच्या चौकटीला उधई (वाळवी) होती, मोटार जाम होती, संडासातून वास येत होता आणि गाद्यांना बुरशी लागली होती. कवेलूंतून दोन ठिकाणी गळालंही आहे.

या हिवाळ्यात कोणती कामं उरकून घ्यावीत, बंद करताना कोणत्या क्रमानं जावं, आणि रात्रीच्या गारठ्यात म्हातारी माणसं नि लेकरू उबेत कसं ठेवावं, हे नेमकं सांगा. उधईसाठी दुकानदार क्लोरपायरीफॉस घ्या म्हणतो. तळं इतकं जवळ असताना चालेल का?

उत्तर: तुडुम

आधी माणसं कधी मिळतील ते पाहा, त्यावरच सगळं अवलंबून आहे. धानाची मळणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत आटोपते. जिथे कालव्याचं पाणी आहे तिथे जानेवारीच्या उत्तरार्धात उन्हाळी धानाची रोवणी लागते. मार्चच्या मध्यापासून मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे गावात कामाला माणूस सापडत नाही. मिस्त्री, सुतार आणि मजूर एकत्र मिळायचे तर मधला महिनाच आहे, १५ डिसेंबर ते १५ जानेवारी. यादी आत्ताच करून मिस्त्रीला तारीख द्या.

क्लोरपायरीफॉस तुमच्या जागी नकोच. ते मासळीला फार विषारी आहे आणि तलावात गावच्या लोकांची मासेमारी असते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी घ्या, प्रमाण २.१ मिली प्रति लिटर पाणी. फरशी आणि भिंत जिथे मिळते त्या सांध्यावर १२ मिमीची, एक फूट खोल छिद्रं पाडायची, दोन छिद्रांत एक फूट अंतर. दर छिद्रात पिईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडायचं. १२ बाय १० च्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे साधारण ४४ छिद्रं, ४४ लिटर द्रावण आणि औषध ९२-९३ मिली. नंतर छिद्रं सिमेंटनं बुजवा. चौकटीत बारीक, आतून खाली उतरणारी छिद्रं वीतभर अंतरानं पाडून सिरिंजनं औषध भरा आणि वरून लांबी (पुट्टी) लावा.

हेही पाण्यातल्या किड्यांना मारतंच, म्हणून पंप आणि बादल्या तलावात किंवा बोअरजवळ धुवू नका. धुतलेलं पाणी पुढच्या खेपेच्या द्रावणात वापरून टाका. हातमोजे आणि मास्क हवेतच, आणि फरशी वाळेपर्यंत लेकराला त्या खोलीत जाऊ देऊ नका. पाऊस किंवा जमीन ओली असताना हे काम करू नये, औषध मुरत नाही, वाहून जातं.

औषधाइतकंच कारणही काढावं लागतं. उधईला ओल आणि मातीपासून लाकडापर्यंत लपून जायची वाट हवी असते. मातीत रचलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असला की ती गिलाव्याच्या मागून चढते आणि चौकट पोखरेपर्यंत दिसतच नाही. चौकटीवर बोटाच्या गाठीनं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला की समजा. सपरीचे खांब जमिनीत गाडलेले असतील तर दगडी उथळ्यावर घ्या. भिंतीला टेकवलेलं सरपण उचला, दोन फूट दूर आणि विटांवर रचा. काकांना सांगून ठेवा की मातीची रेघ दिसली तर ती झाडून टाकू नका, आधी कुठून येते ते बघून फोन करा.

कवेलूही याच महिन्यात फेरून घ्या. शंभर चौरस फुटांना इंग्रजी कवेलू साधारण १४०-१५० लागतात. फुटीसाठी पन्नास जास्तीची आणून सपरीत उभी रचून ठेवा.

उत्तर: सागवान

तुडुमभाऊंचं बाकी सगळं पटतं, पण कवेलू जानेवारीत पूर्ण फेरण्याला माझा विरोध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी आणि गारपीट होते. त्यातून वाचलं तर उन्हाळ्यात वानरांच्या टोळ्या पाण्यासाठी तलावावर येतात आणि रिकाम्या घराच्या छतावर नाचतात. जानेवारीत घातलेलं नवं कवेलू जूनपर्यंत हललेलं असतं.

माझ्या मते काम दोन वेळा विभागा. आता, सुतार मिळतोय तोवर, लाकूड: कुजलेले फाटे आणि रिपा बदलणं, आढ्यावरच्या कवेलूंचा मसाला तडकला असेल तर नवा भरणं, आणि खालच्या दोन ओळी जस्ताच्या तारेनं रिपांना बांधणं. वारा छत उचलतो तो वळचणीपासून, म्हणून तिथेच तार हवी. छतावर झुकलेल्या फांद्या छाटा. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात फक्त एक दिवसाचं काम उरतं, फुटलेली बदलणं आणि सरकलेली बसवणं. त्याला दोन माणसं पुरतात, आणि तोवर तेंदूपत्त्याचं काम ओसरत आलेलं असतं. पैसे जानेवारीतच बोलून ठेवा.

गळतीवर उपाय म्हणून कवेलूंखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. कवेलू ओल पितं आणि वाऱ्यानं सुकतं. खाली कागद आला की ती ओल रिपांवर अडकते, लाकूड तीन-चार पावसाळ्यांत काळं पडून भुसभुशीत होतं. गळायचं खरं कारण बहुतेक वेळा कवेलूंच्या खाचेत साठलेला पालापाचोळा असतो. पाणी खाचेतून खाली न जाता बाजूनं आत येतं. खराट्यानं नव्हे, मऊ झाडूनं वरून खाली साफ करा, आणि चढताना पाय कवेलूच्या मधोमध न ठेवता रिपेवर येईल असा ठेवा.

उत्तर: पंपघर

मोटार जाम होते कारण बोअरच्या थांबलेल्या पाण्यात गाळ, चुना आणि लोखंडाचा गंज पंख्यांच्या फटीत बसतो. पंधरा दिवसांनी दहा मिनिटं चालवली तर तो बसतच नाही. काकांची चक्कर तेवढीच आहे, हे काम त्यांच्यावर सोपवा. मोटारीचा एमसीबी वेगळा असू द्या आणि त्यावर रंगाची खूण करा, म्हणजे घराचा बाकी पुरवठा बंद ठेवूनही ती चालवता येईल. मे-जूनमध्ये पाणी खाली जातं, कोरडी चालली तर सील आणि बुश जळतात. पॅनलमध्ये कोरडं चालण्यापासून वाचवणारं संरक्षण नसेल तर बसवून घ्या.

मोटार नुसती घुमत असेल आणि पाणी येत नसेल, तर बटण पुन्हापुन्हा दाबू नका, वाइंडिंग जातं. पहिल्यांदा कपॅसिटर बघा. फुगलेला असेल तर त्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा नवा घाला, ‘थोडा मोठा चालतो’ हे खोटं आहे. कपॅसिटर बरा निघाला तर मेकॅनिककडून पॅनलमध्ये तारा बदलून काही सेकंद मोटार उलटी फिरवून घ्या, बऱ्याचदा गाळ सुटतो आणि पाइप वर काढायचा खर्च वाचतो. पॅनलला वायर शिरते ते भोक एम-सीलनं बुजवा, पाली आत शिरून शॉर्ट करतात.

बॅटरी: सात महिने मेनला जोडून ठेवली तर उन्हाळ्यात पाणी आटतं आणि बघायला कुणी नसतं. नुसती सोडून दिली तर आपोआप उतरते आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. मधला मार्ग म्हणजे पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरून, आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह तार काढून ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी एक रात्र चार्ज करायची. तीन-चार तास विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक, १२.४ ला चार्ज करायचीच.

वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे मे-जूनमध्ये मोठं असतं. इन्व्हर्टर, टीव्ही आणि फ्रिज यांचे प्लग भिंतीतून उपसून ठेवा, नुसता एमसीबी पाडणं पुरत नाही.

सौर बंब रिकामा करून नळ्या ताडपत्रीनं झाका. दिवाळीला भरायचा तो सूर्य उगवण्याआधीच, आणि झाकण ठेवूनच. उन्हात रिकाम्या नळ्या भयंकर तापतात, त्यात गार पाणी सोडलं की तडकतात.

टाकी उघडताना: १००० लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर १५० ग्रॅम, जुनी असेल तर २०० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणीच टाकीत टाका. रात्रभर ठेवा, सकाळी सगळे नळ ब्लीचिंगचा वास येईपर्यंत सोडा आणि टाकी रिकामी करा. ते पाणी तलावाकडे न सोडता परसात जिरवा. पिण्याच्या पाण्याला नंतर १००० लिटरला अडीच ग्रॅम पुरे, टाकल्यावर एक तास थांबून वापरा.

उत्तर: जवसफूल

ताई-दादा, जे कुणी असाल ते, आतल्या कामांचं मी सांगते.

वास येतो तो संडासाच्या टाकीत बिघाड म्हणून नाही. भांड्याच्या आणि न्हाणीच्या जाळीखालच्या वाकात दोन इंच पाणी असतं, तेच वायू अडवतं. उन्हाळ्यात ते आटतं आणि वायूसोबत झुरळंही वर येतात. कुलूप लावायच्या दिवशी प्रत्येक वाकात दोन तांबे पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल ओता. तेलाचा पापुद्रा बाष्प अडवतो. काकांनी चकरेला आले की तांब्याभर पाणी घालावं. वायूच्या उभ्या पाइपाला वर डासांची जाळी बांधा.

कुंभारीण माशी हे घर बंद असतानाचं मोठं दुखणं. शेगडीच्या जेटमध्ये, नळाच्या तोंडात, टाकीच्या जास्तीच्या पाइपात, कुलपाच्या भोकातसुद्धा ती मातीचं घर करते. शेगडी कापडात बांधून ठेवा, पाइपाला जाळी, नळाला रबर-कापड. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून तोंडावर टोपी लावा आणि तो उभा, वारा खेळेल अशा जागी ठेवा. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला. उघडल्यावर साबणाच्या फेसानं सांधे तपासल्याशिवाय काडी ओढू नका.

गाद्या: फेब्रुवारीच्या उन्हात दोन दिवस दोन्ही बाजूंनी तापवायच्या, आणि संध्याकाळी गार झाल्यावरच गुंडाळायच्या. गरम गुंडाळल्या तर आतच घाम धरतात. जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नको. वाशाला टांगलेल्या दोरीवर किंवा बाजेवर, जुन्या धोतरात बांधून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. सोबत कडुलिंबाचा सुकलेला पाला. फ्रिजचं दार बोटभर उघडं राहील असा ठोकळा लावा.

दिवाळीला माणसं यायच्या आठ दिवस आधी घराभोवतीचं पंधरा फूट गवत कापून घ्याच. स्क्रब टायफस उंदरांवरच्या आणि गवतातल्या बारीक किडीमुळे होतो. विदर्भात २०१८ मध्ये त्याची मोठी साथ होती, आणि पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत तो जास्त दिसतो, म्हणजे नेमका तुमचा उघडण्याचा काळ. मुलीला गवतात बसू देऊ नका. ताप आला आणि अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग दिसला, तर डॉक्टरांना तो दाखवा आणि गवतात गेल्याचं सांगा, उपचार सोपे आहेत पण उशीर महागात पडतो. पहिल्या दिवशी विटा, सरपण, गादी हे सगळं काठीनं हलवूनच उचला. मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा फारसा दुखत नाही, म्हणून जमिनीवर न झोपता बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

ऊब: डिसेंबर-जानेवारीत तलावाकाठी पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि कवेलूंच्या फटींतून ऊब वर निघून जाते. झोपायच्या खोलीला बांबूच्या तट्ट्याचं आतलं छत घाला, सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो. गादीखाली वाळवलेल्या तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) चार बोटांचा थर, पण दर महिन्याला बदला, नाहीतर उंदीर येतात. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली बंद खोलीत रात्री मुळीच ठेवू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. शेकोटी सपरीच्या बाहेर, आणि झोपताना गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पायापाशी, उकळतं पाणी न भरता.

बोडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सागवानभाऊंप्रमाणे लाकूड जानेवारीत आणि कवेलू मेअखेर असं ठरवतो आहे. इमिडाक्लोप्रिडच घेऊ. एक राहिलं: दारं-खिडक्या पावसाळ्यात फुगून बसतात. रंग द्यावा की तेल?

उत्तर: सागवान

तेल. रंगाचा थर तडकला की पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. आधी दार उतरवून खालची आणि वरची कड रंध्यानं दोन सूत काढा. ओल याच आडव्या कडांतून शिरते आणि नेमक्या त्याच कोरड्या सोडलेल्या असतात. मग उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, पहिला हात चिंधीनं चोळून. चोवीस तासांनी नुसतं तेल, अगदी पातळ. अर्ध्या तासानं वर राहिलेलं पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ धरतं. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत हे उत्तम सुकतं.

त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो, कुलूप लावलेल्या लाकडी छताच्या घरात तर कुणाला कळणारही नाही. बादलीभर पाण्यात बुडवा किंवा तारेवर एकेक पसरून कडक सुकू द्या, मगच फेका.