प्रमाणपत्र नसलेल्या पोरांचं काय?
‘महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहेच, मग वस्तीतल्या पोरांना खेळातून पुढे आणणारे हे वेगळे उपक्रम कशाला?’ असं काही जण विचारतात. अहो, ते आरक्षण स्पर्धा गाजवून प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी. वस्तीतल्या बहुतेक पोरांचा तिथवर पल्लाच जात नाही. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावलं, ते अशांसाठीच. मुंबईत 1999 मध्ये मॅथ्यू स्पेसी यांनी सुरू केलेली ‘मॅजिक बस’ ही संस्थाही खेळातूनच उभी राहिली, आता ती तरुणांना मुलाखतीची तयारी आणि नोकरी शोधायला मदतही करते. हा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. सकाळी सहाला मैदानावर हजर राहणारं पोरगं कामावर वेळेत जाईल, पण अर्ज कुठे करायचा हे त्याला कोण सांगणार? बिचारा कोच तरी किती पुरणार!