शेजारी देशाचा ट्रक थेट आत येऊ द्यावा का?

सांडणीस्वार:
पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावरून सीमा ओलांडलेला भारतीय ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलच्या आवारात माल उतरवतो आणि परत फिरतो. तोच माल बांगलादेशी ट्रकवर चढवून पुढे ढाक्याला जातो. चढ-उतार दोनदा, हमाली दोनदा, आणि मोडतोड झाली तर जबाबदार कोणीच नाही! हे थांबावं म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी 15 जून 2015 ला थिंफूत मोटार वाहन करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकाता-ढाका-आगरताळा अशी मालट्रकची चाचणी फेरीही झाली. बांगलादेशाबाहेरून सिलिगुडीमार्गे घालावा लागणारा वळसा टळल्यामुळे त्या मार्गावर शेकडो किलोमीटर वाचतात. तरी गाडं चाचणीपुढे फारसं सरकलेलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे: कागद बरोबर, सील शाबूत, तर ट्रक जाऊ द्या.

डोंगरझाड:
अडलं कुठे तेही लिहा की. भूतानच्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, 2016 मध्ये करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने बाकी तिघांना सांगितलं, तुम्ही आमच्याशिवाय पुढे जा. त्यांची भीती उगाच नव्हती. घाटातले अरुंद रस्ते, मूठभर स्थानिक वाहतूकदार, आणि शेजारी भारताएवढा देश. ‘समान हक्क’ म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच परमिटं दिली तरी ट्रक कोणाचे जास्त धावणार हे सांगायला ज्योतिषी नको. रस्ता उखडेल तो त्यांचा, धूर खातील तेही तेच.

सांडणीस्वार:
मग संख्या ठरवा, वजन मोजा, रस्त्याचा कर घ्या. त्यासाठी दारच बंद ठेवायचं? भूतानचं मी समजू शकतो. बाकी तिघांना कोणता घाट आडवा आला?

जकातनाका:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माल बदलायला लागणारा वेळ सगळ्यांना दिसतो, पण त्याआधीचा थांबा कोणी मोजत नाही. पेट्रापोलच्या अलीकडे, बनगावच्या बाजूला ट्रक दिवसच्या दिवस उभे राहिल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत, आणि त्या रांगेचा हमालांशी काही संबंध नाही. एक देश बाहेर जाताना तपासतो, दुसरा आत येताना पुन्हा तेच तपासतो. झांबिया आणि झिम्बाब्वेने त्यांच्या सीमेवरच्या चिरुंडू नाक्यावर 2009 मध्ये यावर तोडगा काढला: ज्या देशात शिरायचंय त्याच बाजूला दोन्ही देशांचे अधिकारी बसतात, गाडी एकदाच थांबते. अर्थात त्यासाठी एका देशाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्याच्या जमिनीवर काम करण्याचा अधिकार कायद्याने द्यावा लागला. आपल्याकडे अवघड आहे ते हेच. ते न करता ट्रक थेट सोडलात, तर तोच ट्रक त्याच रांगेत उभा राहील.

डोंगरझाड:
आणि 2015 विसरू नका. भारत-नेपाळ सीमेवरचा रक्सौल-बीरगंज नाका कित्येक महिने अडला तेव्हा नेपाळमध्ये इंधन आणि औषधांचे हाल झाले. अडवला कोणी, याचं उत्तर कुठल्या बाजूला विचारता त्यावर बदलतं. पण एकाच दारावर इतकं अवलंबून राहायचं नाही, हा धडा छोट्या देशांनी घेतला तर त्यांना दोष देता येत नाही.

सांडणीस्वार:
उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. भारतीय ट्रक नेपाळमध्ये आधीपासूनच जातात. 2015 मध्ये नाका अडला तो राजकारणामुळे. माल सीमेवर उतरवायची पद्धत असती तरी तो तसाच अडला असता, फक्त गोदामात.

जकातनाका, तुमचं एकत्र तपासणीचं मान्य. पण ‘आधी ते, मग हे’ म्हणत बसलं की दोन्ही होत नाही. सीलबंद माल ट्रकने देशोदेशी नेण्याचा टीआयआर हा आंतरराष्ट्रीय करार 1975 पासून आहे, भारतही 2017 मध्ये त्यात आला. निघतानाच सील, कस्टम्सच्या पैशांची हमी आधीच भरलेली, वाटेतल्या देशाने साधारणपणे सील आणि कागद तेवढे बघायचे. नवीन काही शोधायचं नाहीये.

जकातनाका:
टीआयआर मालाची हमी घेतं, ड्रायव्हरची नाही. परक्या देशात ट्रकखाली माणूस आला तर विमा कुठला, परवाना कोण जप्त करणार, ड्रायव्हरला वकील कोण देणार? आज हा प्रश्न बेनापोलच्या आवारात संपतो. उद्या तो ढाक्याच्या रस्त्यावर येणार आहे. याचं उत्तर असेल तर सांगा, मी तुमच्या बाजूने येतो.