उपनगरातलं 2024: तुमच्या गल्लीत आलेली बातमी

कन्नमवारकर:
माळा आवरताना 2024 च्या उपनगर पुरवण्यांचा गठ्ठा सापडला. रद्दीत घालायचा होता, पण वरच्याच पानावर घाटकोपरच्या छेडानगरचा, पेट्रोल पंपावर कोसळलेल्या होर्डिंगचा फोटो दिसला आणि मी तिथेच फतकल मारून बसले.

13 मे, सोमवार. चारच्या सुमारास विक्रोळीत आभाळ मातकट पिवळं झालं. दोरीवरचे कपडे काढेपर्यंत दाताखाली माती करकरायला लागली. धाकटा दीर बाइकवर पार्सलं पोचवतो, पेट्रोल त्याच पंपावर भरायचा. फोन लागेना. जाऊ देवासमोर बसली ती उठेचना. सातला तो दारात उभा राहिला, नखशिखांत धुळीने माखलेला. अलीकडे चहाला थांबला म्हणून वाचला.

होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं होतं, परवानगी मिळते 40 बाय 40 ला. 17 माणसं गेली. खाली पेट्रोल, त्यामुळे कटर चालवायलाही बचावपथकाला भीती. इतक्या सगळ्यांना ते रोज दिसत होतं आणि कुणी उतरवलं नाही, याचा राग अजून जात नाही.

तुमच्या स्टेशनची, तुमच्या नळाची, तुमच्या पुलाची त्या वर्षातली बातमी लिहा.

लोकलवाला:
63 तास! 31 मे ते 2 जून. ठाण्याचा 5 नंबर प्लॅटफॉर्म रुंद केला तेव्हाचा मेगाब्लॉक. आमच्या ऑफिसने सुट्टी दिली नाही. भांडुपहून बसने निघालो, कांजूरपर्यंतच घाम निथळला. पण आता ठाण्याला उतरताना पाय टेकायला जागा मिळते, हे मान्य करायलाच हवं. रात्रंदिवस उन्हात राबलेल्या गँगमनना सलाम.

गुलमोहर:
ताई, दीर सुखरूप आहेत ना आता? वाचतानाच पोटात गोळा आला.

कन्नमवारकर:
हो गं, ठणठणीत आहे. फक्त वारा सुटला की गाडी बाजूला घेऊन थांबतो.

हरीओमनगरी:
आमची बातमी म्हणजे टोल. बाहेरच्यांना कळणार नाही. हरिओम नगर मुलुंडमध्ये, मत मुंबईत, पाणीपट्टी मुंबईची, पण नाका मध्ये. मुलीला मुलुंड स्टेशनला सोडायचं तरी गाडीला 45 रुपये. बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हाही आधी नाक्याची रांग. 14 ऑक्टोबरच्या मध्यरात्री मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल बंद झाला. सोसायटीतले सगळे खाली उतरलेले. बाबा व्हीलचेअरवर, त्यांनाही गाडीत घालून नाक्यातून एक फेरी मारून आणली. थांबावं लागलं नाही तेव्हा त्यांनी माझा हात दाबला.

मीठागर:
टोल वाचला, ट्रॅफिक तेवढंच. ऐरोली पुलावर आजही तासभर 😔

पूर्वेची:
पंतनगरचे फ्लेमिंगो कुणाला आठवतात? 20 मे, लोकसभेचं मतदान झालं त्या रात्री. लक्ष्मीनगरकडून आरडाओरडा आला, आम्हाला वाटलं निवडणुकीची मारामारी. उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला होता. सकाळी रस्त्याकडेला गुलाबी पिसं, एक पाय वेगळा पडलेला. 39 पक्षी मेले. माझा मुलगा तेव्हा दुसरीत, त्याने एक पीस उचललं आणि विचारलं, आई, यांना रस्ता कुणी सांगितला नाही का? होर्डिंगला आठवडाच झाला होता. घाटकोपरने त्या महिन्यात फार पाहिलं.

गुलमोहर:
मुलाचं वाक्य वाचून रडू आलं गं.

पिंपभर:
पाणी! मेअखेर 5 टक्के कपात, 5 जूनपासून 10. कागदावर 10, आमच्या चौथ्या मजल्यावर नळाला नुसती फुसफुस. सासूबाई पहाटे साडेचारला उठून पिंप भरायच्या, तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला. मग 8 जुलैला सहा तासांत 300 मिमीच्या वर पाऊस, शाळा बंद, रुळांवर पाणी, आणि आमची कपात चालूच. उठली ती 29 जुलैला. तोवर तुळशी, विहार भरून वाहत होते. खाली गुडघाभर पाणी आणि वर नळ कोरडा, हे एकाच दिवशी सोसलंय आम्ही.

लोकलवाला:
पिंपभर, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? मी नाहूरला डब्यात अडकलो होतो. समोरच्या काकूंनी डब्यातले थालीपीठ सगळ्यांना वाटले.

पिंपभर:
घरीच हो. थालीपीठ भाजणीचं की साधं?

लोकलवाला:
भाजणीचं, वर लोणी 🙏 अजून चव आठवते.

अंधेरी_पश्चिम:
इथे सगळे पूर्वेचेच दिसताय. गोखले पूल नोव्हेंबर 2022 पासून बंद. आईची फिजिओथेरपी पूर्वेला, रिक्षावाले यायलाच तयार नसत. 26 फेब्रुवारीला एक बाजू उघडली, आणि बघतो तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीच जुळेना. तो नंतर जॅक लावून उचलला, जुलैत जोडला. चिडलो होतो, पण ते उचलण्याचं काम बघायला मी मुद्दाम गेलो होतो. काम अवघड होतं आणि नेटकं झालं.

रातराणी:
कुर्ल्याबद्दल लिहायचं होतं, 9 डिसेंबरला गर्दीत घुसलेली ती बस. माझी मैत्रीण त्या रस्त्यावर भाजी घेत होती. आज नाही लिहवत. नंतर लिहीन.

कन्नमवारकर:
रातराणी, सावकाश. नाही लिहिलंस तरी चालेल.

मीठागर:
ताई, ते छेडानगरचं पान रद्दीत देऊ नका. फोटो काढून इथे टाकाल का? आमच्या बिल्डिंगचा एक मुलगा तिथे बचावकार्यात होता, त्याच्या आईला दाखवायचंय.

कन्नमवारकर:
टाकते. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की लगेच.