गुरुत्व त्वरण निम्मे होण्याची उंची: १६०० की २६५० किलोमीटर?

मूळ प्रश्न (एक पालक, नौपाडा, ठाणे)

मुलीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, कोणत्या उंचीवर गुरुत्व त्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर) पृथ्वीच्या पृष्ठभागावरील मूल्याच्या निम्मे होईल, हे उदाहरण सोडवून दिले आहे. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर धरून ‘एक वजा दोन एच भागिले आर’ (एच म्हणजे उंची, आर म्हणजे त्रिज्या; पृष्ठभागावरील मूल्याचा किती भाग उरतो ते यातून मिळते) या सूत्राने उत्तर १६०० किलोमीटर काढले आहे. परंतु हे त्वरण पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे ते निम्मे होण्यासाठी केंद्रापासूनचे अंतर १.४१४ पट व्हावे लागते आणि उंची सुमारे २६५० किलोमीटर येते. ताळा करून पाहावा: १६०० किलोमीटर उंचीवर केंद्रापासूनचे अंतर ८००० होते, ६४०० भागिले ८००० याचा वर्ग ०.६४ येतो, म्हणजे पृष्ठभागावर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असलेले त्वरण तेथे ६.२७ आहे, निम्मे म्हणजे ४.९ नव्हे. ही चूक प्रकाशकाला कळवायला हवी, असे माझे मत आहे.

एक शिक्षिका, वाशी

मी सहमत नाही. आपले गणित बरोबर आहे, पण पुस्तकातली आकडेमोडही चुकलेली नाही. त्याच प्रकरणात सिद्ध केलेले सूत्र तेथे वापरले आहे. असाच प्रश्न बहुपर्यायी स्वरूपात येतो तेव्हा पर्यायांत १६०० असेल आणि २६५० नसेल, तर विद्यार्थ्याने काय करावे? परीक्षेच्या तोंडावर ‘पुस्तक चुकीचे आहे’ असे सांगितल्याने मुलांचा गोंधळच वाढतो.

मूळ प्रश्नकर्ते

अचूक नियम पदांच्या मालिकेत मांडणाऱ्या द्विपद विस्तारातील वर्गाचे आणि त्यापुढील पद सोडून दिल्यावरच ते सूत्र मिळते, म्हणून उंची त्रिज्येच्या मानाने अगदी लहान असावी लागते. त्रिज्येचा चौथा भाग लहान कसा म्हणता येईल? त्याच सूत्राने ३२०० किलोमीटरवर त्वरण शून्य होते आणि त्यापुढे ऋण! भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर याच गुरुत्वाकर्षणामुळे कक्षेत फिरतात.

एक अभियंता, ऐरोली

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते. तेथे या सूत्राने ८.५८ आणि अचूक नियमाने ८.६८ येते, आणि एवढा फरक खुशाल चालावा. १६०० किलोमीटरवर मात्र उत्तर पाचव्या भागाहून अधिक कमी पडते. मला त्याहून गंभीर वाटते ते जमिनीखालील खोलीच्या सूत्राचे. ‘एक वजा डी भागिले आर’ (डी म्हणजे खोली) हे सूत्र दिसायला अगदी तसेच, पण पृथ्वीची घनता सर्वत्र समान मानली तर ते थेट केंद्रापर्यंत अचूक लागू पडते. एक सूत्र अचूक आणि दुसरे केवळ आसन्न (अंदाजे), हा भेद न सांगता दोन्ही शेजारी छापली की मुले ती एकाच मापाने वापरतात.

शिक्षिका, वाशी

सूत्राखाली अट छापलीच पाहिजे, हे मला मान्य आहे. तरीही उत्तर बदलण्याऐवजी प्रश्न बदलावा, असे मी म्हणेन: ३२ किलोमीटर उंचीवर त्वरण किती टक्क्यांनी घटते? उत्तर १ टक्का, आणि ते दोन्ही रीतींनी जवळजवळ तेच येते.

मूळ प्रश्नकर्ते

मला तो प्रश्न हवा आहे, पण याच्या जागी नव्हे, याच्या आधी. दोन्ही रीतींनी उत्तरे काढून १६०० आणि २६५० यांतील तफावत स्वतः पाहिल्याखेरीज सूत्राची मर्यादा मुलांना उमगणार नाही. प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात ०.६४ चा ताळा आणि खोलीच्या सूत्राचा मुद्दा दोन्ही घालत आहे.